दोघांनी लिहिलेला ड्रायव्हर

साहेबांचा फोन आला तेव्हा सुतळी खुर्चीवर चढून माळ्यावरचे रिकामे खोके खाली काढत होती.

"मॅडम, डोळ्यांच्या दवाखान्यात आपला डबा अडकलाय. पुन्हा."

डबा म्हणजे डिस्कांनी ठासून भरलेलं लोखंडी यंत्र. साहेबांची कंपनी ते बनवायची. आणि त्या डिस्कांशी बोलणारा, त्यांच्याकडून काम करून घेणारा जो प्रोग्राम असतो, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो सुतळीने आणि तिच्या नवऱ्याने मिळून लिहिला होता. सासूबाई शेजारीपाजारी कौतुकाने सांगायच्या, "आमची सून ड्रायव्हर लिहिते." त्यावर तळमजल्यावरच्या काकांनी एकदा गंभीरपणे विचारलं होतं, "ट्रकचा की बसचा?"

"अडकलाय म्हणजे काय होतंय?" सुतळीने विचारलं.

"काहीच होत नाहीये, हेच तर होतंय. पेशंटच्या डोळ्यांचे फोटो उघडेनात. डॉक्टर हातमोजे चढवून उभे, पेशंटच्या डोळ्यांत औषध घालून झालेलं, आणि स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय. शेवटी डबा बंद करून चालू केला. लोकांना आंधळी कोशिंबीर खेळत घरी जावं लागलं. फोटो सगळे शाबूत आहेत म्हणा. पण आणखी एकदा असं झालं तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

"मी बघते."

"दोघं मिळून बघा. मास्तरांना बसवाच. अडलेली डिस्क सावरायचं प्रकरण त्यांचंच ना?"

साहेबांना काहीच माहीत नव्हतं. सुतळी "हो" म्हणाली, फोन ठेवला आणि खुर्चीवरून उतरायचं विसरून तशीच उभी राहिली.

सुतळी हे नाव मास्तरनेच ठेवलेलं, कॉलेजात असताना. अंगाने बारीक म्हणून सुतळी, आणि पेटली की सुतळी बाँब म्हणूनही सुतळी. तो स्वतः मास्तर, कारण जेवताना कुणी "मीठ दे" म्हटलं तरी मीठ खारट का लागतं ते आधी समजावून सांगायचा. पुढे दोघांनी लग्न केलं, फोटोच्या चौकटी बनवणाऱ्या दुकानावरची एक खोली कामासाठी भाड्याने घेतली, आणि खालून येणाऱ्या करवतीच्या आवाजात, भुशाच्या वासात वर्षानुवर्षं शेजारी शेजारी बसून कामं केली.

मग आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. व्यायाम करून घ्यायला एक बाई घरी येऊ लागली. आई तिला गुडघ्याची डॉक्टरीण म्हणायच्या. तिला शोधून आणली होती सुतळीनेच, चार ठिकाणी चौकशी करून. आईंचा पाय बरा होऊ लागला आणि धोंडा सुतळीच्या पायावर पडला. एका सकाळी चहाचा कप हातात तसाच धरून मास्तर म्हणाला, "मला तुझ्याशी खोटं नाही बोलवत. माझा तिच्यावर जीव जडलाय." भांडण झालं नाही. पेटायला सुतळी कोरडी असावी लागते, आणि ती त्या क्षणी नखशिखान्त भिजल्यासारखी गारठून गेली होती.

तो गेला. आई मात्र राहिल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच घरात, सुनेबरोबर. "मला नाही जायचं कुठे," म्हणाल्या होत्या. तेवढ्या एका वाक्यावर सुतळीने पुढचे महिने काढले. आता घटस्फोटाच्या कागदांवर सह्या व्हायच्या बाकी होत्या आणि दुकानावरची खोली सोडायची होती. खोके त्याचसाठी.

तिने त्याला फोन लावला.

"बोल," तो म्हणाला. मागे नळाचं पाणी पडत होतं. कुणीतरी ते बंद केलं.

"डबा अडकलाय. डोळ्यांच्या दवाखान्यातला."

"कुठे अडकतोय?"

"सावरताना."

तो म्हणाला, "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी तो खोलीवर दार वाजवून आला. किल्ली त्याच्या खिशात होती, तरी दार वाजवून आला. सुतळीने त्याची खुर्ची खोक्यांच्या ढिगाखालून ओढून काढली, फडक्याने पुसली, आणि पुसताना आपण फार वेळ पुसतोय हे लक्षात आल्यावर फडकं बाजूला टाकलं.

"रुसूबाई आहेत का अजून?" त्याने विचारलं.

"आहेत. जातील कुठे?"

रुसूबाई म्हणजे एक अर्धवट बिघडलेली डिस्क. कुणीही फेकून दिली असती, पण या दोघांनी ती जिवापाड जपली होती. कारण ती काम करता करता मधेच अबोला धरायची, आणि ड्रायव्हरची परीक्षा घ्यायला असलीच रुसकी डिस्क लागते. धडधाकट डिस्कपुढे कुठलाही ड्रायव्हर शहाणाच वाटतो.

तिने डबा सुरू केला. रुसूबाईंना बाकीच्यांच्या मधे बसवलं, दवाखान्यासारखं काम सोडलं, आणि दोघं वाट बघत बसली. खाली करवत चालली होती.

डिस्क उत्तर देईनाशी झाली की ड्रायव्हरने काय करायचं हे ठरलेलं होतं. तिच्यावर 'सावरतेय' असा शिक्का मारायचा. नवी कामं दाराबाहेर थांबवायची. तिला रीसेट करायचं, म्हणजे खांद्याला धरून हलवून जागं करायचं, मग विचारायचं, ठीक आहेस का. हो म्हणाली की शिक्का बदलून 'चालू' करायचा आणि दार उघडायचं. हे सगळं वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं होतं.

रुसूबाई दुपारी रुसल्या. स्क्रीनवर ओळी सरकू लागल्या, आणि डबा गप्प झाला. दवाखान्यातल्यासारखाच.

"मागे घे," मास्तर म्हणाला. "अजून मागे. थांब. हे बघ. इथे पहिली तक्रार आली, सावरणं सुरू झालं. बरोबर?"

"बरोबर."

"आणि ते चालू असतानाच ही दुसरी तक्रार. त्याच डिस्कची. तिच्यासाठी दुसरं सावरणं सुरू झालं."

सुतळी पुढे वाकली. "म्हणजे एकाच वेळी दोघं सावरतायत."

"पहिल्याचं काम झालं. त्याने शिक्का 'चालू' केला, दार उघडलं. कामं आत घुसली."

"आणि दुसऱ्याने त्याच क्षणी डिस्क रीसेट केली." तिने कपाळावर हात मारला. "आत गेलेली कामं हवेत विरली. ना झाली, ना फसली. फोटो मागणारे वरचे प्रोग्राम बसलेत वाट बघत."

"जन्मभर."

"पण दुसऱ्याला आत सोडलंच कसं? आधीच कुणी सावरतोय का हे तपासायला नको? तुझ्या भागात तपासणी नाही?"

"माझ्या भागात कशाला? ती तुझ्या भागात आहे ना."

"माझ्या भागात नाहीये."

दोघांनी आपापला भाग उघडला, तिने वरचा, त्याने खालचा. कोड लिहिताना माणसं स्वतःसाठी अधूनमधून एखादी सूचना लिहून ठेवतात, तशी मास्तरच्या भागात, नेमक्या त्या जागी, एक ओळ होती : इथे तपासायची गरज नाही, सुतळी वरच तपासते. सुतळीने आपल्या भागात ती जागा शोधली. तिथेही एक ओळ होती : इथे तपासत नाही, मास्तर खाली तपासतो.

आधी मास्तरला हसू फुटलं. नाकातून फस्सकन आवाज आला. मग सुतळीला. मग दोघंही इतकी हसली की खालचा चौकटवाला जिन्यात येऊन "काय झालं हो?" म्हणून विचारून गेला. मास्तर डोळे पुसत म्हणाला, "इतकी वर्षं! इतकी वर्षं कुणीच तपासत नव्हतं!" आणि सुतळी टेबलावर डोकं टेकून हसत राहिली.

मग हसू ओसरलं. तिने डोकं वर केलं नाही. तो उठून खिडकीपाशी गेला आणि तिथे उभं राहून खालच्या रस्त्याकडे बघू लागला, जणू रस्त्यावर काही घडत होतं.

"चहा टाकतो," तो थोड्या वेळाने म्हणाला. तिच्या कपात त्याने न विचारता साखर कमी घातली. तिला ते बघवलं नाही आणि बघितल्याशिवाय राहवलंही नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते सुतळीला नंतर नीट सांगता आलं नसतं. ती सकाळी लवकर यायची. तो यायचा. दोघं भांडायची, आणि ते भांडण तिला पक्वान्नासारखं लागायचं.

मास्तरचं म्हणणं होतं की मोजणी ठेवावी. किती जण सावरतायत ते मोजायचं आणि आकडा शून्यावर आला की दार उघडायचं.

"आणि मोजणी चुकली म्हणजे? एखादा मोजून घ्यायचा राहिला म्हणजे?" सुतळी म्हणाली. "एकाच भाजीत दोघांनी मीठ घालायचं आणि मग चमचे मोजत बसायचं. त्यापेक्षा हा बारभाईचा कारभारच बंद कर. सगळ्या तक्रारी एका रांगेत लागतील. सावरणारा एकच. शिक्का बदलायचा हक्क फक्त त्याला. त्याचं काम झालं तरी रांगेत दुसरी तक्रार उभी असेल तर दार उघडायचं नाही."

"हळू होईल."

"डिस्क आजारी असताना घाई कुणाला आहे?"

तो तोंड वाकडं करून विचारात पडला, पेनाच्या टोपणाने दातांवर टकटक करू लागला. ही सवय तिला एके काळी नकोशी व्हायची. "बरोबर आहे तुझं," तो शेवटी म्हणाला. "आधीपासूनच असं करायला हवं होतं."

सुतळीने मग मोठा कागद भिंतीला चिकटवला आणि त्यावर सगळे शिक्के लिहिले. 'चालू', 'सावरतेय', 'बंद', 'गेलेली'. कुठल्या शिक्क्यावरून कुठे जाता येतं त्याचे बाण काढले. आजवर हे कुठेच एका जागी लिहिलेलं नव्हतं. ज्याला जिथे वाटेल तिथे त्याने शिक्का बदलला होता. त्या सगळ्या जागा दोघांनी एकेक करून शोधल्या आणि पुसल्या. तो वाचायचा, ती पुसायची. तो म्हणायचा "आणखी एक, चोरा, सापडलास," आणि ती म्हणायची "हाण." एकदा त्याचा हात माउसकडे जाताना तिच्या हातावर पडला. त्याने तो काढला, पण चटका बसल्यासारखा नाही, सावकाश. त्या सावकाशपणावर तिने सगळी संध्याकाळ काढली.

पहिली परीक्षा फसली. दुसऱ्या तक्रारीला ड्रायव्हर आता बधत नव्हता, पण सावरणं चालू असताना सुतळीने रुसूबाईंची केबलच उपटून बघितली, आणि डबा पुन्हा मुका झाला. मास्तरने ओळी वाचल्या.

"डिस्क काढली तेव्हा शिक्का 'गेलेली' झाला. तो बरोबर. पण सावरणाऱ्याला ते कळलंच नाही. त्याने आपलं काम संपवून वरून 'चालू' ठोकलं. आता जागेवर डिस्कच नाही आणि ड्रायव्हर तिला कामं देत बसलाय." तो तिच्या कागदापाशी गेला आणि 'गेलेली'पासून निघणारे सगळे बाण त्याने बोटाने पुसल्यासारखे केले. "इथून कुठेच जाता येणार नाही असं लिही."

"आणि परत जोडली तर?"

"परत जोडली तर नवी म्हणून येईल. नवी ओळख, सगळं पहिल्यापासून. जुन्या शिक्क्यावरून परत फिरवायचं नाही काही. लोक तिथेच चुकतात. त्यांना वाटतं, तीच तर डिस्क आहे, जागा तीच आहे, मग चालू का करू नये. पण मधल्या काळात ती कुठे होती, तिच्यावर काय लिहिलं गेलं, आपल्याला काय माहीत?"

तो मास्तरी सुरात बोलत होता. नजर कागदावर होती, आणि आपण काय बोलतोय ते त्याचं त्यालाच ऐकू येत नव्हतं. सुतळीने तसं लिहिलं. पुढची सोपी ओळ तिला दोनदा खोडून लिहावी लागली.

पण घरी जाताना तिने ते मनावर घेतलं नाही. डिस्क ती डिस्क, माणूस तो माणूस, असं स्वतःला बजावत ती जिना चढली. वाटेत तिने टवटवीत मटाराच्या शेंगा घेतल्या होत्या, कारण त्याला मटार आवडायचे. तो काही जेवायला येणार नव्हता. तरी घेतल्या.

आई पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. सुतळीने त्यांच्यापुढे शेंगा ओतल्या आणि स्वतःही सोलायला बसली.

"आई, आज मास्तर काय काय बोलत होता म्हणून सांगू! तुमची आठवण निघाली. काकांनी तुम्हाला विचारलं होतं ना, ट्रकचा की बसचा, ते आठवून केवढा हसला. पहिल्यासारखा. अगदी पहिल्यासारखा."

आईंनी दाणे हातात घेतले आणि तसेच धरून ठेवले.

"परवा त्याने चहा पण केला. साखर कमी घालून. लक्षात आहे त्याच्या."

"पोरी," आई म्हणाल्या, "हसला म्हणजे परत आला असं नसतं गं."

"मी कुठे म्हटलं तसं?"

"तुझा चेहरा म्हणतोय. घरात आलीस तीच उजळून." त्यांनी दाणे ताटलीत सोडले. "मला तुला सांगायचंय ते सांगून टाकू दे. रोज उद्यावर ढकलतेय. मी रविवारी तिकडे जातेय."

"जा ना. जाऊन या. किती दिवस?"

आई ताटलीतले दाणे सारखे करू लागल्या. सुतळीचा अंगठा शेंगेच्या शिवणीत तसाच राहिला.

"राहायला?"

"तिकडे तळमजला आहे. माझ्याने हे जिने होत नाहीत आता. आणि…" त्यांनी पदराने ओठ पुसले. "आणि तो माझा मुलगा आहे गं. माझे किती राहिलेत? मला त्याला बघत जायचंय. तू चांगली आहेस, माझ्या पोटच्या लेकीने केलं नसतं इतकं केलंस, पण रात्री डोळा मिटताना मला त्याचाच चेहरा दिसतो. मी काय करू?"

"काही करू नका. जा."

"अशी बोलू नकोस. मलाही कळतं तुझं. मी तेव्हाच तोंड उघडलं असतं तर एखादे वेळी…"

"तेव्हाच म्हणजे कधी?"

आईंना जीभ चावायलाही वेळ मिळाला नाही. त्या सुनेकडे बघत राहिल्या.

"आई, कधी?"

"त्या कपाटाच्या काचेत दिसले मला," आई हळूच म्हणाल्या. "मी इथे पाय पसरून पडले होते. ती दोघं स्वयंपाकघरात. नुसती उभी होती, काही केलं नाही त्यांनी. पण कशी उभी होती ते आईला कळतं. पार सुरुवातीला. तुला कळायच्या खूप आधी."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"वाटलं, वारा आहे, सुटला तसा पडेल. तुला सांगितलं असतं तर घर मोडलं असतं."

"मोडलंच की, आई."

"हो. मोडलंच."

"तुम्ही रोज माझ्या हातचं जेवत होतात. ती व्यायाम करवून गेल्यावर रोज मला विचारत होतात, दमलीस का. म्हणजे या घरात मूर्ख तेवढी मी एकटीच होते."

"मूर्ख नव्हतीस गं," आई म्हणाल्या. "तू कामात होतीस."

त्या मायेनेच बोलल्या. पण सुतळीला ते इतकं लागलं की ती उठली, मोरीत जाऊन तिने नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजाआड तोंडात पदरासारखा टॉवेल कोंबून रडली. ती कामात होती हे खरं होतं. आणि ते काम कुठलं, तेही तिला आठवलं. हाच ड्रायव्हर. त्या दिवसांत ती रात्रंदिवस याचीच नवी आवृत्ती लिहीत होती, आणि "तू जा घरी, आईंचा व्यायाम बघ, मी इथलं बघते" असं म्हणून मास्तरला तिनेच घरी पाठवलं होतं.

बाहेर येऊन तिने उरलेल्या शेंगा सोलल्या. आईंनीही सोलल्या. मटाराची उसळ झाली, आणि दोघींनी ती मुकाट्याने खाल्ली.

शेवटची परीक्षा झाली त्या दिवशी साहेब स्वतः खोलीवर आले. सुतळी आता मास्तरशी मोजकंच बोलत होती. त्याला कारण कळलं नाही, किंवा कळूनही त्याने विचारलं नाही. तिने रुसूबाईंना जेवढं म्हणून छळता येईल तेवढं छळलं. मधेच केबल उपटली, सावरताना उपटली, पुन्हा जोडली, लगेच पुन्हा उपटली, दोन तक्रारी एकदम सोडल्या, दहा सोडल्या. डबा क्षणभर थबकायचा, सावरायचा आणि पुढे चालू लागायचा. डिस्क गेली तर वरच्यांना स्वच्छ सांगायचा, गेली, वाट बघू नका. एकही काम हवेत विरलं नाही.

"जिंकलं!" साहेब म्हणाले. "उद्याच दवाखान्यात चढवतो. तुम्ही दोघं म्हणजे ना, एक हात दुसऱ्या हाताला टाळी द्यायला बनलेला असतो तसे. मोठं काम येतंय माझ्याकडे. नव्या डब्याचा आख्खा ड्रायव्हर. तुम्हा दोघांशिवाय कुणाला देणार नाही. हे खोके कसले? जागा बदलताय?"

"आवराआवर," सुतळी म्हणाली.

साहेब गेले. मास्तर खुर्ची फिरवून तिच्याकडे तोंड करून बसला.

"घेऊ या ना?" तो म्हणाला.

तिने रुसूबाईंची केबल काढून गुंडाळायला घेतली.

"हे बघ सुतळे. घर आपल्याला नाही जमलं. पण हे जमतं. तूच बघितलंस ना या दिवसांत? असं काम मला दुसऱ्या कुणाबरोबर नाही होणार. तुलाही नाही. मग जे चांगलं आहे ते कशाला मोडायचं?"

"घर मला जमत होतं," ती म्हणाली.

त्याने मान खाली घातली.

"मला तुझा राग येत असता ना मास्तर, तर मी हे काम घेतलं असतं. रागात माणूस काम करू शकतो. पण तुझ्या शेजारी बसलं की मला बरं वाटतं. हीच अडचण आहे. तू संध्याकाळी उठून तिकडे जाणार, आणि मी इथे बसून दुसऱ्या दिवसाच्या सकाळची वाट बघणार. त्यात तू कधी हसलास, कधी साखर कमी घातलीस, की मी ते घरी घेऊन जाणार आणि रात्रभर उलगडून बघणार. असं करत करत मी म्हातारी होईन."

"मला माहीत नव्हतं तुला अजून…"

"नव्हतं ना माहीत? मग आता झालं."

तो रडू लागला. तिने त्याला रडताना लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं. तिचे हात आपोआप उठले, त्याच्या डोक्यावरून फिरवायला, आणि तिने ते परत आपल्या मांडीवर ठेवले. ते तिला जन्मात केलेल्या कुठल्याही कामापेक्षा जड गेलं.

"मग हा ड्रायव्हर कोण बघणार?" त्याने नाक ओढत विचारलं.

"मी बघेन. साहेबांकडे नोकरी धरते. त्यांना खरं काय ते मीच सांगेन. तू काही बोलू नकोस, तू मिठापासून सुरू करशील."

तो रडता रडता हसला. तीही हसली. त्या खोलीत ती दोघं एकत्र हसली ती शेवटची, त्यानंतर नाही.

रविवारी आई निघाल्या. सामान मास्तरने आधीच खाली नेलं होतं. जिना उतरवायला सुतळीच लागली. आईंनी एक हात कठड्यावर, दुसरा तिच्या खांद्यावर ठेवला.

"आधी दुखरा पाय," सुतळी म्हणाली. "मग चांगला. उतरताना आधी दुखरा."

ही शिकवण कुणाची होती ते दोघींनाही माहीत होतं. दोघी तशाच उतरत राहिल्या.

मधल्या वळणावर आईंनी दम घेतला. जिन्याच्या खिडकीतून ऊन येत होतं, त्यात त्यांचा चेहरा एकदम फार म्हातारा दिसला.

"मला फोन करशील ना रोज?"

सुतळीच्या तोंडाशी 'हो' आलं होतं. "रोज नाही करणार, आई," ती म्हणाली.

"मग?"

"जमेल तेव्हा. आत्ता मला सांगता येत नाही कधी जमेल."

आईंनी मान हलवली. "माझ्यावर राग धर," त्या म्हणाल्या. "पण धरून ठेवू नकोस. तुलाच त्रास होईल."

"चला. आधी दुखरा."

खाली मास्तर गाडीचं दार उघडून उभा होता. गाडीत दुसरं कुणी नव्हतं. तेवढी लाज त्या बाईने राखली होती. सुतळीने आईंना मागच्या सीटवर बसवलं, पायाखाली उशी दिली, साडीचा काठ दारात अडकू नये म्हणून आत सारला. मग मास्तरला म्हणाली, "पांढरी गोळी जेवणाआधी. आई 'घेतली' म्हणतात आणि उशीखाली ठेवतात. विचारायचं नाही, समोर उभं राहून घ्यायला लावायची. पिवळी दिली की ताक द्यायचं नाही."

"लिहून दिलं असतंस तर…"

"लक्षात ठेव," ती म्हणाली.

आईंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि तिचा गाल चाचपला, आंधळ्या माणसाने चाचपावा तसा. गाडी सुटली. कोपऱ्यावर वळताना मास्तरने इंडिकेटर दिला नाही, आणि "अरे, इंडिकेटर!" असं सुतळीच्या तोंडून जोरात निघून गेलं. रस्त्यावरचा एक माणूस वळून बघू लागला.

ती जिना चढू लागली. मधल्या वळणाशी आल्यावर तिचे पाय पुढे जाईनात. ती तिथेच पायरीवर बसली, गुडघ्यांत तोंड घातलं, आणि आता नळ सोडायची गरज नव्हती म्हणून मोठ्याने रडली. आपण कुणासाठी रडतोय, त्याच्यासाठी की आईंसाठी, तेही तिला कळेना. रडणं संपलंय असं वाटायचं आणि पुन्हा कुठून तरी यायचं.

बऱ्याच वेळाने खालून पावलं ऐकू आली. कुणीतरी जड पिशवी घेऊन, थांबत थांबत वर येत होतं. सुतळीने डोळे पुसले नाहीत. फक्त भिंतीकडे सरकून बसली, म्हणजे येणाऱ्याला जायला वाट राहावी.